तो कुठे उभा असणार?

नमस्कार मंडळी. मी वकील आहे, लैंगिक अत्याचार झालेल्या बायामुलींच्या केसेस बघते. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे कोर्टात मोठमोठ्याने बोलणं, पण खरं सांगू का, ही केस असते सरकारची, चालवतो सरकारी वकील, आणि जिच्यावर बेतलं ती बाई कागदावर फक्त साक्षीदार. २००९ पासून निदान तिचा स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला उभा राहू शकतो आणि आरोपी सुटला तर ती अपील करू शकते.

हे बदल असेच नाही झाले हो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिने विरोध केला नसणार! उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मग बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या केसमध्ये संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, की कोर्टाने तसंच धरून चालायचं. मला ते पत्र फार मोठं वाटतं, कारण कोर्टाचंही चुकतं हे चार जणांनी सही करून सांगितलं.

आणि फीची काळजी करू नका, बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १९८७ चा कायदाच आहे तसा.

पण माझं निम्मं काम साक्षीच्या आधीच होतं. पोलिसांना सांगून झालेलं असतं, डॉक्टरांना, मॅजिस्ट्रेटना, आणि आता परत तेच सगळं कोर्टात, तेही उलटतपासणीत. दार बंद असतं, बाहेरचं कोणी नसतं, पण आरोपी असतो ना. एका मुलीला मी आदल्या दिवशी रिकाम्या कोर्टरूममध्ये घेऊन गेले, तिने पहिला प्रश्न विचारला, ताई, तो कुठे उभा असणार? मी जागा दाखवली, मध्ये पडदा कुठे लागेल ते दाखवलं, पाण्याचा ग्लास कुठे ठेवायला सांगू विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली परत एकदा दारापासून येऊया.

आम्ही तीनदा दारापासून चालत आलो.