तुंबडी आणि शतपावली

(दृश्य: उघड्या पाठीवर एकेक करून लागणारे प्लास्टिकचे कप)

पंप तीन-चारदा ओढला की कपातली हवा कमी होते आणि कातडी आत फुगून येते. आधी गुलाबी, मग जांभळट. काही मिनिटांनी कप काढतात, त्या गोलात ब्लेडनं बारीक चरे देतात आणि कप पुन्हा लावतात. आता आत रक्त साठू लागतं. बघता बघता ते काळपट होऊन जेलीसारखं थिजतं. तो कप समोर धरला की झोपलेल्या माणसाचा चेहरा खुलतो. ‘केवढं खराब रक्त होतं अंगात! आता साखरही उतरेल.’

आज याला हिजामा किंवा कपिंग म्हणतात. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी शब्द होता तुंबडी. वाळलेल्या भोपळ्याचं किंवा पोकळ शिंगाचं तोंड कातडीवर लावून रक्त ओढायचं. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा, असे तिन्ही प्रकार आहेत. आखडलेल्या मानेला, दुखऱ्या पाठीला यानं आराम पडला असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत.

पण साखरेचं, म्हणजे मधुमेहाचं काय?

कपातलं ते रक्त खराब नसतं. कातडीच्या बारीक वाहिन्यांतलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त काळसरच दिसतं आणि एका जागी थांबलं की गोठतं. धडधाकट माणसाच्या पाठीवर कप लावा, असंच दिसेल. टाइप २ मधुमेहात साखर वाढते ती इन्सुलिन कमी पडतं आणि स्नायू, यकृत त्याला नीट दाद देत नाहीत म्हणून. चार-सहा चमचे रक्त काढून ही बिघडलेली घडी बसत नाही. हिजामानं साखर उतरल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. त्यांत माणसं मोजकी आणि काळ थोडा. त्यांच्या भरवशावर कुणी गोळी बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, ती एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींवर मोजतात. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. रक्त बरंच गेलं की नव्या पेशी येतात आणि त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. मग साखर होती तेवढीच असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

(दृश्य: सोसायटीच्या आवारात रात्री भरभर चालणारी पावलं)

आता हे बघा. इथे दाखवायला काहीच नाही. ना कप, ना रक्त. पण पोटरीचा आणि मांडीचा स्नायू आवळला की त्याच्या पेशीत दडलेली ग्लुट-४ नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढून घेतात, तीही इन्सुलिनची वाट न पाहता. हे ओढणं काही तासांत ओसरतं, पण स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतात तो परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

२०११ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ठरवून, कुणाच्या तरी देखरेखीखाली आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांचं एचबीए१सी सरासरी ०.८९ टक्के-अंकांनी उतरलं. त्याहून कमी करणाऱ्यांचं ०.३६ नं. आणि ज्यांना नुसतं ‘व्यायाम करा’ असं सांगितलं, आहाराबद्दल काहीच नाही, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आम्हाला यातलं हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. हिजामावाला पाठीवर हात ठेवून अर्धा तास देतो, पुढची तारीख देतो. चालायचं मात्र कागदावर एका ओळीत लिहून मिळतं. माणसं हाताच्या स्पर्शाकडे ओढली जातात, यात त्यांची काय चूक?

खरं तर चालणंही परंपरेतलंच. तोच सुश्रुत प्रमेहाच्या (ज्यात मधुमेहही येतो) निर्धन रोग्याला शंभर योजनं चालायला सांगतो, विहीर खणायला सांगतो. पिडका, म्हणजे गळवं सुजली तर शीर तोडून रक्त काढायलाही सांगतो. त्याच्या चालण्याच्या सल्ल्यातली एक गोष्ट मात्र आज ऐकायची नाही, ती म्हणजे अनवाणी चालणं. वारी असो की नवरात्र, मधुमेह्यानं चप्पल काढू नये. पाय बधिर झालेले असतील तर काच रुतलेली कळत नाही. त्याच बधिरपणामुळे जाळ धरून लावलेल्या कपाचा चटकाही कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. ब्लेड एकदा वापरलेलं असेल तर कावीळ बी आणि सीचा धोका वेगळाच. चालणाऱ्यांनीही, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर, साखर एकदम उतरली तर खायला म्हणून खिशात साखर ठेवावी. छातीत दाटलं तर तिथेच थांबावं.

(दृश्य: स्वयंपाकघरातली भिंत)

या काकूंच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज दोन आकडे असतात, चाललेली मिनिटं आणि जेवणानंतरची साखर. भांडी पालथी घातली की त्या खाटेवर बसतात, हातआरशात दोन्ही तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवतात, मग मोजे चढवतात. दाराशी शेजारच्या वहिनी उभ्या असतात.

“काकू, येताय ना?”

“आले गं, बुटाची नाडी बांधते.”