हाँगकाँगला निघालात? औषधांची पिशवी उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

विमानाला निघताना कात्री, नेलकटर आठवणीने बाजूला काढणारी माणसं गुडघ्याला चोळायचं विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांपासून केलेलं तेल, मात्र औषधांच्या पिशवीत तसंच राहू देतात. आपल्याकडे ते आयुर्वेदिक औषध म्हणून वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतं. कारण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येत बसत नाहीत. हाँगकाँगच्या कस्टम्सपुढे ही व्याख्या सांगून उपयोग नाही.

१ फेब्रुवारी २०२३ पासून तिथे सीबीडी, म्हणजे याच झाडातलं कॅनाबिडिऑल नावाचं द्रव्य, हेरॉइन-कोकेनच्याच यादीत आहे. त्याआधी सीबीडी घातलेली कॉफी तिथे उघड मिळायची! आता जवळ बाळगलं किंवा वापरलं, तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. बेकायदा आयातीला कमाल शिक्षा जन्मठेप आणि दंड ५० लाख. टपालाने मागवलेलं पार्सल हीसुद्धा आयातच.

‘पण याने नशा चढत नाही हो,’ असं म्हणाल. बरोबर आहे. नशा आणतं ते याच झाडातलं दुसरं द्रव्य, टीएचसी. मात्र वनस्पतीतून सीबीडी काढताना टीएचसी पुरतं वेगळं निघत नाही, आणि ठेवल्या ठेवल्या सीबीडीचं टीएचसी होऊ शकतं, असं तिथल्या सरकारचं म्हणणं. ३० मिलीची बाटली घ्या. आतलं तेल साधारण २८ ग्रॅम. लेबलवर ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत’ असेल, तर बाटलीत ८४ मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी असू शकतं. ‘आयसोलेट’ लिहिलेलं तेल घेऊनही सुटका नाही, कारण ते तर निव्वळ सीबीडीच.

हेम्पच्या, म्हणजे कमी टीएचसीच्या भांगेच्या झाडाच्या, बियांच्या तेलाचं जरा वेगळं. बीमध्ये सीबीडी जवळपास नसतंच. पण बीभोवतीच्या टरफलाची चिकट राळ साफ झाली नाही, तर घाण्यात ती तेलात उतरते. बाटलीकडे बघून हे कळत नाही. माझ्या मते तीही घरीच ठेवावी.

लिप बाम, फेस मास्क, चघळायच्या गोळ्या, कुत्र्याची बिस्किटं यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कॅनाबिडिऑल, हेम्प किंवा गांजाच्या पानाचं चित्र दिसलं, की वस्तू बाहेर काढा. औषध म्हणून खरंच लागत असेल, तर इथल्या चिठ्ठीच्या भरवशावर निघू नका. आधी हाँगकाँगच्या आरोग्य विभागाला लिहा, आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच तिकीट काढा.