लेक्चर तर दिसतं, पण तुमचं उत्तर पोचतं का?

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून, काही जण तर थेट मांजलपूरहून एवढ्या उन्हात आलात, खूप बरं वाटलं. ऑनलाइन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घ्यायची ठरली की घरात पहिला विषय निघतो लॅपटॉप कोणता घ्यायचा, मग दुकानदार विचारतो बजेट किती, आणि शिकायला काय लागतं हे राहूनच जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की लेक्चर बघण्यापुरता विचार करू नका, लेक्चर फोनवर पण दिसतं, तुमचं उत्तर तिकडे पोचवायला काय लागेल त्याचा विचार आधी करा.

बडोद्याच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको खरं तर. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना इथे आणलं, सेंट्रल लायब्ररीचं काम सुरू झालं, आणि त्याच योजनेत पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायला लागल्या. पेटी गावात जायची, लोक वाचायचे, मग ती परत यायची आणि दुसरी जायची. पेटी परत आली नसती तर सगळंच थांबलं असतं. ऑनलाइन शिक्षणातली ही परतीची वाट म्हणजे अपलोड, आणि आपण सगळे नेमकं तेच बघत नाही.

स्पीड टेस्ट केली की दोन आकडे येतात, डाउनलोड आणि अपलोड. आपण पहिला बघून खूश होतो. पण लाइव्ह क्लासमध्ये तुमचा आवाज, तुमचा व्हिडिओ, परीक्षेत कॅमेऱ्यातून जाणारं चित्र हे सगळं दुसऱ्या आकड्यावर चालतं, आणि मोबाइल नेटवर तो बऱ्याचदा पहिल्यापेक्षा खूप कमी असतो, संध्याकाळी सगळी सोसायटी घरी आली की अजून खाली जातो. म्हणून टेस्ट सकाळी नाही, तुमचा क्लास ज्या वेळी असेल त्या वेळी करा. डेटाचा हिशोब सोपा आहे, १ एमबीपीएस वेगाने तासभर व्हिडिओ चालला की साधारण ४५० एमबी जातात, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन तास आणि वर थोडं, ते सुद्धा घरात बाकी कोणी काही बघत नसेल तर. शक्य असेल तर फायबर घ्या. आणि वाड्यातल्या जाड भिंती असतील तर राउटर शेजारी बसा किंवा सरळ केबल लावा, पाचशे रुपयांच्या आत काम होतं आणि वायफायपेक्षा ते भरवशाचं.

लाइट गेली तर? लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, फक्त घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय का १२ ते बघून घ्या.

आता लॅपटॉप. बघायला आणि वाचायला फोन चालतो, पण दोन हजार शब्दांची असाइनमेंट फोनवर टाइप करून बघा, माणूस कंटाळून विषयच सोडतो, आणि हे माझ्या मनाला फार लागतं कारण अशी हुशार मुलं आणि त्यांच्या आया पण मी बघितल्यात. जुना लॅपटॉप असेल तर लगेच टाकू नका, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घाला, रॅम ८ जीबी करा, चांगला पळतो. एक मात्र आहे, विंडोज १० चा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर त्याच्यावर ११ चालतं का ते आधी विचारा. हाताने लिहिलेली उत्तरं पाठवताना कॅमेऱ्याने फोटो काढून पाठवू नका, एकेक फोटो काही एमबीचा होतो आणि पोर्टलची लिमिट ओलांडतो, गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन आहे, सगळ्या पानांची एक पीडीएफ होते. आणि कॅमेऱ्यापेक्षा माइकवर पैसे घाला, माइक असलेला वायरवाला साधा हेडफोन पुरतो.

घरून परीक्षा असते तिथे बऱ्याच युनिव्हर्सिट्या फोन चालवूच देत नाहीत, वेबकॅम असलेला कॉम्प्युटरच मागतात, त्यावर वेगळं सॉफ्टवेअर टाकायला लावतात जे बाकीच्या विंडो बंद करतं. ऑफिसचा लॅपटॉप वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्या, त्यावर तुम्हाला काही इन्स्टॉल करायची परवानगीच नसते बहुतेक. डेमो टेस्ट देतात ती त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच नेटवर द्या. उलट एनपीटीईएलच्या कोर्सचं बघा, आयआयटींनी २००३ मध्ये सुरू केलेलं, लेक्चर घरी फुकट बघा पण सर्टिफिकेटची परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. म्हणजे तिथे तुमचा खर्च पुष्कळ कमी. परीक्षा कुठे होणार हे विचारल्याशिवाय एक रुपया पण खर्च करू नका.

शेवटचं, हे खास आपल्या इथल्या मराठी घरांसाठी. आता ऑनलाइन डिग्रीला यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा नंबर, म्हणजे डीईबी आयडी लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, आणि तो निघतो आधारवरून. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर नाव पहिलं, लग्नानंतर काकूंचं आडनाव तिसरंच, आणि ओटीपी जातो कधीच बंद पडलेल्या नंबरवर. हे सगळं जुळवायला वेळ लागतो आणि ॲडमिशनची तारीख थांबत नाही. तेव्हा घरी गेल्यावर मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून नावं अक्षर न अक्षर तपासा, काही अडलं तर कागद घेऊन या, मी इथे हॉलवरच बसलोय.