काहीही न विकणारं दुकान

मंडळी, बालसाहित्याच्या व्याख्यानमालेत मी एका कापडी बोक्यावर बोलणार म्हटल्यावर संयोजकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलंय. तरी त्यांनी मला बोलावलं, त्याबद्दल आभार.

या बोक्याचं नाव बॅगपुस, आणि 'बॅगपुस' हीच त्याची बीबीसीवरची मुलांची मालिका. पहिला भाग लागला 12 फेब्रुवारी 1974 रोजी. भाग एकूण 13, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. अख्खी मालिका एका दुपारी बघून संपते. चौदावा भाग निघालाच नाही. आणि 1999 साली बीबीसीने लोकांना विचारलं की आमच्या मुलांच्या कार्यक्रमांतला तुमचा सगळ्यात लाडका कोणता, तेव्हा पहिला नंबर या तेरा भागांना मिळाला.

दिवस कसे होते तेही सांगते. ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा लढा चालला होता, वीज वाचवण्यासाठी सरकारने बहुतेक कारखान्यांना आणि कचेऱ्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज वापरायची परवानगी दिली होती. महिनाअखेर निवडणूक. मोठी माणसं सदा वैतागलेली. माझे वडील तिथल्या इस्पितळात डॉक्टर, आम्ही मँचेस्टरला राहायचो, आणि आई नाशिकहून नवी नवी आलेली. तिचं इंग्रजी पुस्तकातलं. दुकानदार बोलायला लागला की तिला एक अक्षर कळायचं नाही. पण ही मालिका तिला पूर्ण कळायची. निवेदक सावकाश बोलायचा, वाक्य नीट संपवायचा, मग थांबायचा. घाई म्हणून नाही. मी बघायचे बोक्यासाठी आणि आई बसायची त्या आवाजासाठी. पुढे मालिका वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिली, त्यामुळे आईची शिकवणी बरीच लांबली!

गोष्ट अशी. एमिली नावाच्या छोट्या मुलीचं एक दुकान आहे, आणि त्या दुकानात काहीही विकायला नाही. एमिलीला रस्त्यात कुणाची हरवलेली, मोडकी वस्तू सापडली की ती दुकानात आणून बॅगपुससमोर ठेवते, त्याला जागं करण्यासाठी एक छोटंसं कवन म्हणते आणि निघून जाते. तोवर पडद्यावर सगळं जुन्या फोटोसारखं तपकिरी असतं. मग बोका एक लांबलचक जांभई देतो आणि चित्रात रंग उतरतो. बॅगपुस जागा झाला की दुकानातले सगळे जागे होतात: मॅडलीन ही चिंध्यांची बाहुली, बँजो वाजवणारा गेब्रियल बेडूक, बाजाच्या पेटीवर कोरलेले उंदीर, आणि प्रोफेसर याफल. हा याफल म्हणजे पुस्तकं पडू नयेत म्हणून कडेला ठेवतात तो लाकडी टेकू, सुतारपक्ष्याच्या आकाराचा, नाकावर चष्मा. मग सगळे मिळून ती वस्तू काय असेल यावर वाद घालतात, गोष्टी सांगतात, गाणी म्हणतात. उंदीर ती धुतात, पुसतात, जोडतात. शेवटी वस्तू दुकानाच्या खिडकीत ठेवायची. ज्याची असेल तो रस्त्याने जाताना बघेल आणि घेऊन जाईल. पैसे? पैशाचा विषयच नाही.

हे उभं केलं दोन माणसांनी. ऑलिव्हर पोस्टगेट गोष्टी लिहायचा, कॅमेरा चालवायचा, बाहुल्या हलवायचा आणि निवेदनासकट बरेचसे आवाजही स्वतःच काढायचा. पीटर फर्मिन चित्रं आणि बाहुल्या करायचा. त्यांच्या संस्थेचं नाव स्मॉलफिल्म्स आणि स्टुडिओ म्हणजे कँटरबरीजवळच्या ब्लीन गावातला, फर्मिनच्या शेतावरचा गुरांचा रिकामा गोठा. कॅमेरा 16 मिलिमीटरचा जुना. एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचं एकेक स्थिर चित्र, टिपता यावी म्हणून पोस्टगेटने त्याला मुलांच्या मेकॅनो खेळातले तुकडे जोडून यंत्रणा बसवलेली. मॅडलीन शिवली फर्मिनच्या बायकोने, जोनने. एमिली म्हणजे त्यांचीच मुलगी. गाणी सँड्रा कर आणि जॉन फॉकनर या दोन लोकसंगीत गायकांची. मॅडलीनचा आणि गेब्रियलचा आवाजही त्यांचाच. बोक्याचा रंग तर निव्वळ अपघात आहे. फर्मिनला हवा होता नारिंगी पट्ट्यांचा बोका. कापड रंगवताना काहीतरी बिघडलं आणि आले गुलाबी पट्टे. तेच ठेवले. आज गुलाबी सोडून दुसऱ्या रंगाचा बॅगपुस डोळ्यांसमोर आणून बघा, येत नाही.

बाहुली हलवायची म्हणजे काय, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. याफलला टेबलावर चार पावलं चालवायचीत. पाय केसभर पुढे सरकवा, एक चौकट टिपा. पुन्हा केसभर, पुन्हा एक. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस-पंचवीस चौकटी लागतात. या पद्धतीने पोस्टगेट एका दिवसात दोन मिनिटांची फिल्म काढायचा आणि त्या धंद्यात हा वेग अफाट मानला जायचा. म्हणून त्या मालिकेत कुणी उगाच हलत नाही. मॅडलीन आपल्या खुर्चीत बसून असते. बोका तर बहुतेक वेळ गादीवर पसरलेला. गेब्रियल तेवढा वेगळा, त्याला खालून हाताने हलवण्याची सोय होती. मला वाटतं, आपण ज्याला मालिकेचा संथपणा म्हणतो त्यातला निम्मा असा काटकसरीतून आलाय. उरलेला निम्मा मात्र पोस्टगेटचा स्वभाव.

आता माझा मुद्दा. 'सौम्य' म्हटलं की आपण मुलांसमोर काय ठेवतो? सगळे गोड बोलतात, कुणी कुणाला खोडत नाही, शेवटी सगळे मिळून टाळ्या. बॅगपुस तसा नाही. तिथे भांडणं आहेत. याफल प्रत्येक गोष्टीला 'मूर्खपणा!' म्हणतो. उंदीर त्याची टर उडवतात. 'माऊस मिल' नावाचा भाग मिळाला तर जरूर बघा. एमिलीला खेळण्यातली एक गिरणी सापडते. उंदीर सांगतात, आम्ही हिच्यातून चॉकलेटची बिस्किटं काढतो. कशाची? तर पावाच्या चुऱ्याची आणि पावट्यासारख्या वालाची. याफल म्हणतो, अशक्य. उंदीर गिरणी फिरवतात, वरून चुरा आणि दाणे घालतात, खालून बिस्कीट बाहेर! मग दुसरं, मग तिसरं. प्रोफेसर गोंधळतो. आणि मग तो एक गोष्ट करतो जी मुलांच्या कार्यक्रमात क्वचित कुणी करतं: उठून गिरणीच्या मागे जाऊन बघतो. तिथे उंदीर एकुलतं एक बिस्कीट मागच्या बाजूने ओढत पुन्हा आत नेत असतात.

आमच्या बालनाट्यात असा शंका घेणारा म्हातारा असला की शेवटी त्याला तोंडघशी पाडतात. चमत्कार खरा ठरतो, म्हातारा कान पकडतो. इथे म्हाताऱ्याचंच बरोबर निघतं. आणि तरी उंदरांना कुणी शिक्षा करत नाही, दुकानातून हाकलत नाही. खोटं उघडं पडलं, सगळे हसले, पुढचं गाणं सुरू. मला ही सौम्यता वाटते. शंकेलाही जागा आणि थापेलाही.

हे पोस्टगेटच्या घरातून आलं असावं. त्याचे आजोबा जॉर्ज लॅन्सबरी मजूर पक्षाचे नेते होते. दुसऱ्या महायुद्धात लष्करात जायला नकार दिला म्हणून तो स्वतः तुरुंगात जाऊन आला. त्या घरात सहमत नसलेली माणसं रोज जेवायला असणार. याफल घडवताना तर त्याच्या डोळ्यांसमोर चक्क ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल होते. पाच वर्षांच्या पोरांसाठी रसेलचा सुतारपक्षी करणारा माणूस मुलांना कमी लेखत नव्हता, एवढं नक्की.

एक तक्रारही करते, नाहीतर हे भाषण आरतीसारखं व्हायचं. एमिली वस्तू आणते आणि जाते. ती कधीच त्या वादात नसते. लहानपणी मला याचा राग यायचा. दुकान तिचं, आणि मजा बाकीच्यांची! शेवटी बॅगपुस झोपतो, त्याच्याबरोबर सगळे पुन्हा खेळणी होतात, आणि निवेदक सांगतो की बोकाही एक जुना ढिला कापडी बोकाच होता, पण एमिलीचं त्याच्यावर प्रेम होतं. तेवढ्याने माझं समाधान व्हायचं नाही. अजूनही होत नाही.

पोस्टगेट 2008 साली गेला, फर्मिन 2018 साली. त्याच्या बऱ्याच आधी, 1987 मध्ये, केंट विद्यापीठाने पोस्टगेटला मानद पदवी दिली. तो म्हणाला, ही खरं तर बॅगपुसची आहे, आणि बोक्याला पदवीचा झगा चढवला गेला. प्रोफेसर याफलला मात्र कुणी काही दिलं नाही. तेरा भाग तो स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेतो, आणि पदवी मिळाली ती भाग संपला की घोरणाऱ्याला. याफल काय म्हणाला असेल, ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.