मुखत्यारपत्र आहे, मृत्युपत्राचं काय?

नमस्कार, श्रोतेहो.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला विचारा, "इथल्या फ्लॅटची, जमिनीची काय व्यवस्था केली आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "भावाच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय ना!" म्हणजे झालं, आता काळजी नाही. वकिली करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आज बोलायचं तर त्यावरच, असं ठरवून आलो आहे.

मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारी 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी', हा हयातीतला कागद आहे. ज्यानं अधिकार दिला तो गेला, की अधिकारही गेला. मृत्यूची खबर असूनही भावानं त्या कागदाच्या जोरावर फ्लॅट विकला किंवा खात्यातून पैसे काढले, तर व्यवहार तर अडकतोच, भाऊही अडकतो. अगदी सद्‌हेतूनं केलं असलं तरी.

एवढं पुष्कळांना ऐकून माहीत असतं. माहीत नसते ती पुढची गोष्ट, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली, तरीही मुखत्याराचा अधिकार संपतो. इंग्लंडमध्ये 'लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' करता येते, अमेरिकेत 'ड्युरेबल' करता येते. माणसाचं भान हरपलं तरी ती चालू राहते, किंबहुना त्याच दिवसासाठी ती केलेली असते. तिकडे वीस-पंचवीस वर्षं राहिलेली मुलं गृहीत धरतात, की पुण्या-नाशकातल्या बाबांनी आपल्या नावानं केलेला कागदही तसाच असेल. तो तसा नसतो.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो, ते अतिदक्षता विभागात बेशुद्ध आहेत. मुलगी मेलबर्नहून धावत येते. रुग्णालयाचं बिल वाढत चाललंय, वडिलांच्या मुदत ठेवी आहेत, मुलीच्या हातात रीतसर मुखत्यारपत्र आहे. बँकेतले साहेब सहानुभूतीनं ऐकून घेतात आणि विचारतात, "बाबा शुद्धीवर आहेत का?" ती खरं ते सांगते, आणि साहेब हात टेकतात. त्यांचंही चुकत नाही. कोमात गेलेल्या माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची सरळ, सोपी तरतूद आपल्या कायद्यात नाही. अशा वेळी कुटुंबांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयानं अशा प्रकरणांत पत्नीला किंवा मुलांना पालक नेमलं आहे, पण त्यासाठी वैद्यकीय अहवाल, चौकशी, तारखा हे सगळं आलंच. घरात आजारी माणूस असताना!

म्हणून आई-वडील हिंडते-फिरते असतानाच दोघांची खाती आणि ठेवी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला चालवता येतील, अशा पद्धतीनं संयुक्त करून घ्या. मुदतीआधी ठेव मोडण्याचा अधिकार दुसऱ्या खातेदारालाही राहील, असं बँकेला लिहून द्या. या कामाला वकीलसुद्धा लागत नाही, शाखेत जाऊन दोन फॉर्म भरायचे असतात.

मुखत्यारपत्र करूच नका, असं मी म्हणत नाही. ते लागतंच. भाडेकरार, वीजबिल, सोसायटीची सभा, सातबाऱ्यावरची फेरफार नोंद, खरेदीखताची नोंदणी, दर वेळी विमानानं येणं कोणाला जमणार? पण 'माझ्या वतीनं सर्व काही' असा सरसकट कागद करण्यापेक्षा कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र करा. अमुक फ्लॅट, अमुक गट नंबर, एवढी कामं, अमुक मुदत. आणि मुखत्यारपत्राच्या आधारावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. तेव्हा कोणी खरेदीखताऐवजी नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन देऊ केली, तर तिथून उठून या.

परदेशात राहून हा कागद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची. सही घरून करून नेऊ नका, ती समोरच व्हावी लागते. दुसरा, तिथल्या नोटरीसमोर सही करून त्या सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणीकरण, घ्यायचं. भारतासाठी अपोस्टिल करार २००५ पासून लागू आहे, कॅनडा त्यात २०२४ च्या जानेवारीत आला. दुबई-अबूधाबीकडच्या मंडळींनी मात्र वकिलातीचाच रस्ता धरावा, कारण संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही.

यापुढे लोक हमखास अडखळतात. बाहेर केलेला कागद इथे पोहोचला, की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअर आलं, आईनं पाकीट कपाटात ठेवलं, गिऱ्हाईक मिळालं आठ महिन्यांनी. मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात खेटे आणि वर दंड. म्हणून पाकीट हातात आलेली तारीख लिहून ठेवा, कुरिअरची पावतीही जपा. आणखी एक सांगतो. महाराष्ट्रात मालमत्ता विकण्याचा अधिकार जवळच्या नातेवाइकाला, काही मोबदला न घेता दिला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. तोच अधिकार मित्राला किंवा एजंटला दिला, तर खरेदीखताइतकं शुल्क पडू शकतं. मसुदा करण्याआधीच हे पाहिलेलं बरं.

आता मृत्युपत्र. भारतीय वारसा कायदा १९२५ चा, त्यातलं कलम ६३. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, निदान 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि त्यांनी त्याच्यादेखत सह्या करायला हव्यात. बस, एवढंच. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र पूर्ण वैध असतं. इतकं सोपं असून लोक वर्षानुवर्षं टाळतात, कारण तो विषय काढणंच अशुभ वाटतं. मला ही भावना समजते. पण मागे राहिलेल्या भावंडांना कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडे न पाहता बसलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यापुढे ही भीती मला फार लहान वाटते.

साक्षीदार निवडताना मात्र घाई नको. वाद झाला, तर दोघांपैकी निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागतं, की हो, सही माझ्यासमोर झाली. टोरांटोतल्या शेजाऱ्याला पंधरा वर्षांनी तुम्ही कुठे शोधणार? म्हणून माझा आग्रह असतो, की भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र सुट्टीवर आलात की इथेच करा. साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान, इथेच राहणारे, आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे. एक जण घरचे डॉक्टर असले तर उत्तमच. सवड काढून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीही करून टाका. तिथे फोटो आणि अंगठा घेतात, त्यामुळे 'ही सही त्यांची नव्हेच' म्हणायला फारशी जागा उरत नाही.

आता एक वाक्य लक्ष देऊन ऐका. परदेशात वकिलाकडून मृत्युपत्र केलं, की पहिल्याच परिच्छेदात छापील वाक्य असतं, 'यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करतो.' तिथला वकील ते सवयीनं घालतो, त्याला तुमच्या सांगलीच्या मृत्युपत्राची कल्पनाही नसते. आणि त्या एका ओळीनं सांगलीचं मृत्युपत्र रद्द होऊ शकतं! तिकडच्या कागदात असं लिहून घ्या, की 'हे मृत्युपत्र माझ्या भारताबाहेरील मालमत्तेपुरतं आहे, भारतातील मालमत्तेबाबतचं माझं मृत्युपत्र कायम राहील.' इकडच्या कागदातही तसंच उलट बाजूनं. दोन्ही वकिलांना दोन्ही मसुदे दाखवा.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? हिंदू पुरुष असेल, तर पत्नी, मुलं आणि आई यांना सारखे वाटे, वडील त्या पहिल्या यादीत नाहीत. आणि बहिणींनो, तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. हिंदू विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली, पती आणि मुलं कोणी नसतील, तर तिनं स्वतः कमावलेली मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर. तिनं परदेशात नोकरी करून, आई-बाबांना राहायला म्हणून डोंबिवलीत घेतलेला फ्लॅटसुद्धा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातली ही तरतूद मला अन्यायाची वाटते, पण ती आजही आहे. तिच्यावरचा उपाय एकच, आपलं मृत्युपत्र.

'नॉमिनी लावलाय' यावरही विसंबू नका. सोसायटीत किंवा शेअर्सना लावलेला नॉमिनी सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

गोव्याच्या श्रोत्यांसाठी नियम वेगळे आहेत. तिथे मुलं किंवा आई-वडील असतील, तर साधारणपणे निम्म्याच संपत्तीबद्दल मृत्युपत्र करता येतं, उरलेल्या निम्म्यावर त्यांचा हक्क राखीव असतो. म्हणून कुडाळची आणि म्हापशाची जमीन एकाच मसुद्यात सहज उरकू नका, गोव्यातल्या जाणकाराला दाखवा.

राहता राहिली शेतजमीन. परदेशी नागरिकत्व घेतलं असलं, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असलं, तरी शेतजमीन वारशानं मिळू शकते. विकत मात्र घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. मृत्युपत्रात जमीन लिहिताना गट नंबर सातबाऱ्यावरून उतरवा, आठवणीवरून नको. आणि नाव तपासा. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिसरंच स्पेलिंग, असं असेल तर 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' अशी ओळ मृत्युपत्रात घाला. शक्य असेल तर हयातीतच नावं एकसारखी करून घ्या. मूळ मृत्युपत्र कुठे ठेवलं आहे, ते ज्याला अंमलबजावणी करायची आहे त्याला आजच फोन करून सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर तो लॉकर एकट्याच्या नावावर नसू द्या.

नमस्कार.