लिंकनचे लाल स्टेडियम

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाखांच्या आसपास आहे आणि तिथे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. त्यामुळे शरद ऋतूतल्या शनिवारी लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमकडे निघालेली लाल कपड्यांतली गर्दी नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहायला चाललेली असते. स्टेडियम भरले की ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर तेच, असे इथले लोक अभिमानाने सांगतात.

३ नोव्हेंबर १९६२ रोजी मिसुरी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली. प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांचा तो पहिलाच हंगाम होता आणि त्या दिवशी नेब्रास्काचा संघ १६-७ असा हरला. तरीही तेव्हापासून इथला प्रत्येक सामना हाउसफुल्ल होत आला. कोरोनामुळे २०२० साली प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, ते सामने या हिशेबात धरले जात नाहीत.

देशभरातले चित्र वेगळे आहे. महाविद्यालयीन फुटबॉलची सरासरी उपस्थिती २००८ च्या सुमारास शिखरावर होती आणि पुढच्या दशकात ती घसरत गेली. प्रत्येक सामना घरबसल्या दिसू लागला, सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरू लागली, आणि चांगल्या जागेसाठी तिकिटाच्या किमतीशिवाय देणगीही मोजावी लागू लागली. शिवाय जाहीर होणारा आकडा बहुतेक वेळा विकलेल्या तिकिटांचा असतो. प्रत्यक्ष दारातून आत आलेली माणसे त्याहून कमी असतात. नेब्रास्काची अखंड मालिकाही तिकीटविक्रीचीच आहे, आणि हे लक्षात ठेवूनच तिच्याकडे पाहायला हवे.

या मालिकेची खरी कसोटी मैदानाबाहेर, विद्यापीठाच्या क्रीडासंचालकाच्या कार्यालयात लागली. २००३ साली संघाने नऊ सामने जिंकून तीन गमावले असतानाही क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन यांनी प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना दूर केले. पुढच्याच वर्षी, १९६१ नंतर प्रथमच, संघाच्या पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त झाली. ऑक्टोबर २००७ मध्ये घरच्या मैदानावर ओक्लाहोमा स्टेटकडून ४५-१४ असा पराभव झाला आणि दोनच दिवसांत पीडरसन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी विद्यापीठाने संघाचे माजी प्रशिक्षक टॉम ओस्बोर्न यांना बोलावले. पंचवीस हंगामांत २५५ विजय आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा हा माणूस परत आला, तेव्हा आपले घर पुन्हा आपल्या माणसाच्या हाती आले, असेच चाहत्यांना वाटले असणार.

२०२१ मध्ये, संघाची एकामागून एक अपयशी वर्षे चालू असताना, याच संघाचा माजी खेळाडू ट्रेव्ह अल्बर्ट्स क्रीडासंचालक झाला. तिकिटे उरू लागली होती. देणगीदारांनी ती विकत घेतली आणि ज्यांच्या घरच्यांना तिकीट परवडत नाही अशा मुलांना स्टेडियममध्ये आणण्याची योजना सुरू झाली. केवळ विक्रम टिकवण्याची ही खटपट आहे, असे म्हणता येईल; पण पहिल्यांदाच त्या पायऱ्या चढणाऱ्या मुलासाठी तो शनिवार खराच असतो, आणि उद्याचा प्रेक्षक तिथेच घडतो, असे आम्हाला वाटते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच मैदानावर महिलांचा व्हॉलीबॉल सामना भरवला गेला, तेव्हा ९२,००३ प्रेक्षक आले. नेतृत्वाने हाक दिली की हे राज्य येते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मार्च २०२४ मध्ये अल्बर्ट्स टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. त्यांच्यानंतरच्या पहिल्या हंगामात, २० सप्टेंबरच्या शुक्रवारी रात्री, चारशेवा हाउसफुल्ल सामना झाला. बरोबरीनंतरच्या जादा वेळेत इलिनॉयने तो ३१-२४ असा जिंकला. पुढच्या घरच्या सामन्याची तिकिटेही संपली.