नवा टायर निवडताना, आणि त्यावरचे पहिले दीडशे किलोमीटर

नमस्कार. माझ्या उजव्या हाताला जो टायर उभा आहे, तो गेली काही वर्षे माझ्या पल्सर १५० च्या मागच्या चाकावर होता आणि डाव्या हाताला त्याच मापाचा नवा टायर आहे. दोन्ही समोरून नीट पाहा. नव्या टायरचा माथा कमानीसारखा गोल आहे. जुन्याचा माथा मधोमध रंधा मारल्यासारखा सपाट झाला आहे आणि तो सपाट पट्टा जिथे संपतो तिथे दोन्ही बाजूंना हाताला लागेल असा कंगोरा तयार झाला आहे. कामावर जाण्यायेण्यासाठी रोज हमरस्त्याने सरळ धावणाऱ्या गाडीचा टायर असाच झिजतो. या आकाराकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण नवा टायर लावल्यावर गाडी अनोळखी का वाटते याचे उत्तर त्यातच आहे.

टायर केव्हा बदलायचा हा प्रश्न मी लवकर संपवतो. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय (ट्रेड वेअर इंडिकेटर, म्हणजे नक्षी किती झिजली ते दाखवणारी खूण) ही अक्षरे किंवा एक छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत वर गेलात की नक्षीच्या खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा सापडतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे टायरचे आयुष्य संपले. आपल्याकडे दुचाकीसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर धरली आहे, परंतु ती कोरड्या रस्त्यावर कशीबशी चालणारी मर्यादा आहे, पावसाळ्यातल्या घाटासाठी ती पुरेशी नाही. मे महिन्यात खोली दोन मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर मी जूनची वाट पाहत नाही.

आता नव्या टायरच्या बाजूवर काय छापले आहे ते वाचू.

(कॅमेरा टायरच्या बाजूवर. अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत थांबावे.)

इथे १००/९०-१७ असे लिहिले आहे आणि त्यापुढे ५५ पी. पहिला आकडा टायरची रुंदी, म्हणजे १०० मिलिमीटर. दुसरा आकडा मिलिमीटरमध्ये नसून टक्क्यांत आहे. रिमपासून माथ्यापर्यंत टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे इथे ९० मिलिमीटर आहे. शेवटचा १७ हा रिमचा इंचातला व्यास. आकड्यांमधल्या आडव्या रेघेचा अर्थ टायरच्या आतील दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत गेलेले आहेत असा होतो. त्या जागी आर हे अक्षर असेल तर तो रेडियल टायर समजावा, ज्याचे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. पुढचा ५५ हा वजनाचा संकेत आहे, ५५ किलो नव्हे. तक्त्यात ५५ म्हणजे २१८ किलो, ५२ म्हणजे २०० किलो आणि ४७ म्हणजे १७५ किलो. पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटरची मर्यादा सांगते. टायर बदलताना वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी प्रतीचे कधीही घेऊ नये, विशेषतः ज्यांची गाडी बहुतेक वेळा डबलसीट आणि सामानासकट चालते त्यांनी.

यानंतर जो प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो तो असा, की मागे जरा रुंद टायर टाकला तर पकड वाढेल ना? या प्रश्नापाशी मला थोडे अधिक थांबायचे आहे, कारण या एका समजुतीपायी चांगल्या गाड्यांची चाल बिघडलेली मी पाहिली आहे.

हिशेब साधा आहे. गाडी आणि चालक मिळून २१० किलो धरा. त्यातला सुमारे १२५ किलो भार मागच्या चाकावर येतो. टायरमध्ये २८ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा आहे, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटर जागा साधारण दोन किलो भार उचलते. १२५ ला दोनाने भागले की बासष्ट-त्रेसष्ट चौरस सेंटिमीटर येतात. मागचा टायर रस्त्याला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा एवढीच, बोटे सोडून तळहाताएवढी. टायरच्या बाजूंचा कडकपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण भार तोच आणि हवा तेवढीच असताना रुंद टायर लावल्याने ही जागा फारशी वाढत नाही. फक्त तिचा आकार बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते.

दुसरी गोष्ट रिमची. प्रत्येक मापाच्या टायरसाठी रिमची योग्य रुंदी टायर बनवणाऱ्याने ठरवून दिलेली असते आणि आपल्या रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा जास्त टोकदार होतो. म्हणजे ज्या पकडीसाठी जादा पैसे मोजले, ती सरळ चालताना मिळत नाही आणि वळणावर गाडी आडवी घेताना टायरची कमान कारखान्यात ठरवल्याप्रमाणे राहत नाही. त्यात १००/९० ऐवजी ११०/९० लावला तर चाकाचा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटरवरून ६३० मिलिमीटर होतो. नऊ मिलिमीटर त्रिज्या वाढली, दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर रुंदी वाढली आणि तेवढ्याने चेनच्या किंवा मडगार्डच्या बाजूची मोकळी जागा धोक्याइतकी कमी होऊ शकते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले आहे. ही यंत्रणा चाक किती वेगाने फिरते यावरून निर्णय घेते, त्यामुळे चाकाचा व्यास मनाप्रमाणे बदलणे मला पटत नाही. माझे मत स्पष्ट आहे. गाडीच्या पुस्तिकेत जे माप आहे तेच घ्यावे. पर्यायी माप पुस्तिकेतच दिलेले असेल, तरच त्याचा विचार करावा.

माप ठरल्यावर खरी निवड रबराची आणि नक्षीची असते. कडक रबराचा टायर जास्त किलोमीटर चालतो, मऊ रबर रस्ता अधिक धरते आणि लवकर झिजते. रबरात सिलिका मिसळलेली असेल तर थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड सुधारते. दुकानात मात्र बहुतेक वेळा चर्चा होते ती हा टायर किती हजार किलोमीटर जाईल याची. आपण विचारावा असा प्रश्न वेगळा आहे. ही गाडी वर्षातले चार महिने कोणत्या रस्त्यावर असणार आहे?

नाशिकहून मुंबईला महामार्गाने नियमित जाणाऱ्याला मधोमध सलग पट्टा असलेला, कडेला खाचा असलेला टायर योग्य ठरतो. तो सरळ धावताना कमी आवाज करतो आणि मधून हळू झिजतो. आंबोली किंवा ताम्हिणी घाटातून पावसात जाणाऱ्याला मधल्या भागातही पाणी कापणाऱ्या खाचा हव्यात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ऊसतोडीच्या हंगामात शेतातून निघणाऱ्या ट्रॉल्या चिखल आणि पाचट डांबरावर आणून टाकतात आणि रात्री दव पडले की तो थर साबणासारखा होतो. या रस्त्यावर कोणताही टायर जादू करत नाही, तरीही नुसत्या गुळगुळीत मधल्या पट्ट्यापेक्षा खाचा असलेला टायर चुकीला थोडी जागा देतो. कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यासाठी अनेक जण मोठ्या बटनांचा टायर लावतात. रोजचा अर्धा रस्ता कच्चा असेल तर ते योग्य आहे. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी असा टायर लावून उरलेले दिवस डांबरावर चालवला, तर बटने कडेने वेडीवाकडी झिजतात आणि ओल्या डांबरावर रबर कमी टेकल्यामुळे ब्रेकचे अंतर वाढते.

विकत घेताना टायर किती जुना आहे ते पाहा. बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असे असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर दुकानातही कडक होत असते, म्हणून फार जुना माल सवलतीत मिळाला तरी मी घेत नाही. आयएसआय चिन्हही तपासावे. ट्यूबलेस टायर लावायचा असेल तर रिमही ट्यूबलेसची असायला हवी. साध्या आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या भोकांतून हवा निघून जाते, त्यामुळे तिथे ट्यूब लागतेच.

टायर बसवला जात असताना शेजारी उभे राहा. काही वर्षांपूर्वी मी टायर बदलायला दिला आणि चहा घेऊन परत आलो, तोवर चाक गाडीला लागले होते. घरी आल्यावर दिसले, की टायरच्या बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा होता. दुकानदार म्हणाला, त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो. नक्षीतून पाणी बाहेर फेकले जाण्याची दिशा त्या बाणावर अवलंबून असते. शिवाय पुढच्या चाकावर मोठा ताण ब्रेकचा येतो आणि मागच्यावर ओढीचा, हे दोन ताण एकमेकांच्या उलट दिशेने लागतात. म्हणूनच काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण दिलेले असतात. मी चाक पुन्हा काढायला लावले. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल, तर ती टायरची सर्वांत हलकी बाजू आहे आणि तो ठिपका व्हॉल्व्हजवळ यायला हवा, कारण व्हॉल्व्हचे वजन तिथे भरपाई करते. हवा भरून झाल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक गोल रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून पाहा. कुठे आत गेलेली दिसली, तर कड नीट बसलेली नाही. ट्यूबलेस टायरबरोबर व्हॉल्व्हही नवा घ्या.

एक सूचना विसरू नका. पुढचे चाक काढून परत लावले असेल आणि डिस्क ब्रेक असेल, तर दुकानातून निघण्यापूर्वी ब्रेकचा दांडा चार-पाच वेळा दाबून तो घट्ट होतो का ते पाहा. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असू शकतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नवा टायर चालवून पाहण्याची. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आल्यामुळे गुळगुळीत आणि चकचकीत असतो. रस्त्यावर घासून तो खरखरीत होईपर्यंत त्याची पूर्ण पकड मिळत नाही. हे मी अनुभवाने शिकलो. नवा मागचा टायर लावला त्याच संध्याकाळी आषाढातला पाऊस सुरू झाला, सिग्नलजवळच्या पांढऱ्या पट्ट्यावर मी नेहमीसारखाच ब्रेक दाबला आणि गाडी मागून आडवी गेली. वेग ताशी वीसच्या आत होता म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले. तेव्हापासून पहिले दीडशे किलोमीटर मी वेगळे मोजतो आणि शक्य असेल तर कोरड्या दिवशी टायर बदलतो.

पहिल्या दिवशी मोकळ्या, कोरड्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर जावे. मागे कोणी नाही याची खात्री करून ताशी तीस किलोमीटरवरून हलका ब्रेक, मग थोडा अधिक, मग ताशी चाळीसवरून, असे दहा-बारा वेळा करावे. ताशी साठच्या आसपास हँडल थरथरते का, गाडी एका बाजूला ओढते का, हे हातांना कळते. थरथर जाणवली तर दुकानात परत जाऊन कड आणि रिम तपासून घ्यावी. वळणावर गाडी रोज थोडी अधिक झुकवावी. इथे तो सपाट झालेला जुना टायर आठवा. त्याच्यावर गाडी वळवताना आधी त्या कंगोऱ्यावर चढावे लागत होते आणि हातांना त्या जोराची सवय झाली होती. नव्या गोल टायरला तो जोर लागत नाही, म्हणून पहिल्या वळणावर गाडी एकदम आत पडल्यासारखी वाटते. टायर घसरत नसतो, आपले हात जुना जोर लावत असतात. हा फरक कळला नाही, तर घाबरून मधेच ब्रेक दाबला जातो, आणि नव्या टायरवर तेच सर्वांत धोक्याचे आहे. चकाकी कुठवर गेली आहे ते टायरवर दिसते. मधला पट्टा निस्तेज झाला आणि कडा अजून चमकत असतील, तर त्या कडांची पकड अजून पूर्ण आलेली नाही. टायर काळाभोर दिसावा म्हणून माथ्यावर पॉलिश मात्र लावू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, थंड टायरची हवा मोजावी. माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि डबलसीट असेल तर ३२ पीएसआय लागते. तुमचे आकडे तुमच्या पुस्तिकेत किंवा चेनगार्डवरच्या चिठ्ठीवर मिळतील. रात्रीत दोन-तीन पीएसआय कमी झाली असेल, तर कडेला आणि व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. मागचे चाक काढले असेल तर चेनचा ताण, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, आणि आसाचा नट घट्ट आहे का, हे शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहून घ्यावे. माझ्या गाडीला लावलेल्या नव्या टायरचे आज ६० किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे त्याच्या कडा अजून चमकत आहेत.